वाचक विचारतात : ताब्याचा आदेश जुना, मूल मोठं झालेलं

प्रश्न : 2021 मध्ये वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा संमतीने घटस्फोट झाला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ताबा आईकडे आणि मला दुसऱ्या व चौथ्या शनिवारी कोर्टातल्या चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्समध्ये दोन तास भेट, असं ठरलं. आता ती चौथीत आहे, आई वसईला राहायला गेली आहे. मला तिला रात्री मुक्कामाला आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी आणायचं आहे. सही करून बसलोय, आता काही होईल का? – एक वडील, मुलुंड

उत्तर : होईल. संमतीच्या हुकूमनाम्यावर (दोघांच्या संमतीने कोर्टाने दिलेल्या निकालावर) अपील चालत नाही, पण तुम्हाला अपील करायचंच नाही. ताब्याचे आदेश अंतिम नसतात, परिस्थिती बदलल्याचं दाखवलं की ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगितलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली वांद्र्यालाच अर्ज करा. आई वसईला गेली म्हणून कोर्ट बदलत नाही.

आधी तिच्या आईशी बोलून पाहा. जमलं तर दोघांच्या सहीने नव्या कन्सेंट टर्म्स (संमतीने ठरलेल्या लेखी अटी) दाखल करता येतात, आणि वेळ खूप वाचतो. न जमल्यास अर्जाला प्रतिज्ञापत्र, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, शाळेचं वार्षिक वेळापत्रक आणि आजवर झालेल्या-हुकलेल्या भेटींची तारीखवार यादी जोडा. अनेक अर्ज फसतात ते इथेच : दहा पानं जुन्या भांडणाची आणि मुलीबद्दल दोन ओळी. कोर्टाला तिचं हित बघायचं असतं. ती कुठे झोपेल, तुम्ही ऑफिसला गेल्यावर घरी कोण असेल, क्लास आणि गृहपाठाचं काय, हे लिहा.

दोन तासांवरून थेट पंधरा दिवस मागू नका. पहिले दोन-तीन महिने कोर्टाबाहेर सकाळी 10 ते संध्याकाळी 6, मग एक रात्र, मग सुट्टी, अशा पायऱ्या मागितल्या तर कोर्टाच्या समुपदेशकांनाही पटवणं सोपं जातं.

मागणीचे शब्द नेमके हवेत. ‘सुट्टीचा अर्धा भाग’ एवढंच लिहिलं की वाद ठरलेला : सुट्टी परीक्षा संपल्यापासून धरायची की निकालापासून? ‘शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पासून’ असं लिहा. गणपती-दिवाळीला इंग्रजी तारीख चालणार नाही, तिथी लिहा : चतुर्थी सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. रविवारी संध्याकाळी मुलुंडहून वसईला सोडायचं म्हणजे दादरला गाडी बदलणं आलं; त्यात मेगाब्लॉक असला तर सहाचे साडेसात सहज होतात, आणि पुढच्या तारखेला तोच ‘आदेशभंग’ म्हणून समोर येतो. म्हणून सोडायची जागा, 45 मिनिटांची सूट, उशीर झाल्यास मेसेज आणि आजारपणात बुडालेल्या भेटीची बदली तारीख, हे सगळं आदेशातच मागून घ्या.

न्यायाधीश मुलीशी चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात. तिला काहीही पढवू नका. मोठ्यांची वाक्यं मुलांच्या तोंडून आली की समुपदेशकांना लगेच कळतं.

प्रश्न : मुलाच्या वडिलांनी तीन महिने पोटगी दिलेली नाही. तोपर्यंत मुलाला भेटीला पाठवणं थांबवू का? – एक आई, गिरगाव

उत्तर : थांबवू नका. भेट हा मुलाचाही हक्क आहे, पोटगीशी तिची अदलाबदल होत नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज करा. भेट तुम्ही परस्पर बंद केलीत तर आदेशभंग तुमच्या नावावर लागेल आणि पोटगी बुडवणाऱ्याला आयती बाजू मिळेल. मात्र दारू पिऊन नेणं, मारहाण असा खरा धोका असेल तर पोटगीचा विषय त्यात मिसळू न देता तातडीचा अर्ज करा आणि भेट काही काळ चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्समध्ये, देखरेखीखाली ठेवण्याची मागणी करा. वैद्यकीय कागद किंवा पोलिसांकडची नोंद असेल तर त्याच दिवशी जोडा.