भुसावळच्या उन्हात कुंडीतला अनंत टिकेल का, की काढून मोगरा लावू?

तुम्ही लिहिलंय की बाल्कनी पश्चिमेची आहे, अनंताची नवी पानं पिवळी पडतात, कळ्या धरतात पण उमलायच्या आत गळतात, आणि शेजारचे काका म्हणतात, "खानदेशात हे झाड होत नाही, मोगरा लावा." पानांचं आणि कळ्यांचं कोणीही सांगेल. मी जेवणं उरकून लिहायला बसलेय ती त्या काकांच्या वाक्यासाठी. अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

होतो. खानदेशात अनंत होतो. चोपड्याला आमच्या अंगणात आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलाय, आणि तो जगला तो आमच्या आप्पांच्या नाकावर टिच्चून.

आप्पा म्हणजे माझे मोठे दीर. केळी आणि कपाशी. त्यांच्या केळीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, त्यांचा घड बघायला लोक येतात. पण केळी येते म्हणजे जगातलं प्रत्येक झाड आपल्याला कळतं, असा त्यांचा जो समज आहे ना, त्यावर माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. घर बांधून झाल्यावर मी अनंताचं रोप आणलं तेव्हा जागा त्यांनीच दाखवली: मागच्या भिंतीशी, मोरीचं पाणी जातं तिथे. "फुलझाडाला येगळं पाणी कशाला?" नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात हे बोलणं चूक म्हणता येत नाही, म्हणून मीही गप्प बसले. पण त्याच जागी गवंड्यांनी प्लास्टर करताना घमेली धुतली होती. म्हणजे खाली सिमेंटचा राडा आणि वरून कपड्याच्या साबणाचं पाणी.

पावसाळाभर रोप बरं दिसलं. दिवाळीपर्यंत शेंड्याची पानं पिवळी झाली. सगळं पान नाही बरं का. शिरा हिरव्यागार आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा, जणू पानावर हिरवी जाळी काढलीय. खालची जुनी पानं मात्र तशीच, काळपट हिरवी, चकचकीत. आप्पांनी लांबूनच बघितलं आणि निदान केलं, "नत्र कमी पडस." लगेच मूठभर युरिया. केळीच्या हातानं, म्हणजे मूठही केळीचीच. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या, निम्मी पानं गळाली, आणि आप्पा ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायला मोकळे: "आठे जगस का हाई झाड? कोकणातलं ते."

कोकणातलंही नाहीये ते. मूळ चीन, जपान, व्हिएतनामकडचं. कॉफीच्या कुळातलं. चहा-कॉफीला जशी आंबट जमीन लागते तशीच अनंतालाही लागते, मातीचा सामू, म्हणजे पीएच, पाच ते सहाच्या दरम्यान हवा. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास, वर तिच्यात चुनखडीचे खडे. अशा मातीत लोह असतं, भरपूर असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. लोह नाही म्हणजे नव्या पानात हिरवा रंग तयार होत नाही, आणि जुन्या पानातलं लोह झाड नव्या पानाकडे नेऊ शकत नाही. म्हणून पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होतो. नत्र कमी पडलं तर उलटं होतं. नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात आणि पान सरसकट पिवळं होतं, जाळी दिसत नाही. तुम्ही "नवी पानं" लिहिलंय, म्हणून मी खात्रीनं सांगते, तुमच्याकडेही लोहाचाच प्रश्न आहे. शिरा हिरव्या आहेत ना, एवढं बघून घ्या.

हे मला दाखवलं माझ्या मामेभावानं. त्याची पाचोऱ्याकडे लिंबाची बाग आहे, आणि लिंबालाही चुनखडीच्या जमिनीत हाच रोग होतो. तो भाऊबीजेला आला होता. त्यानं झाडाच्या बुडाची चिमूटभर माती बशीत घेतली, स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवलं आणि वर चार थेंब टाकले. माती फसफसली. अगदी सोडा टाकल्यासारखी, बारीक बुडबुडे, आवाजही ऐकू आला. आप्पा शेजारी चहा पीत होते. बशी मी मुद्दाम त्यांच्यासमोर धरली. ते म्हणाले, "व्हिनेगर कशावरही टाकलं तरी फसफसेल." मग भावानं कुंडीतली तांबडी माती घेतली, तिच्यावर टाकलं, काही झालं नाही. आप्पांनी चहा संपवला आणि ते शेतात निघून गेले. या विषयावर आमच्यात झालेला हा सगळ्यात मोठा निकाल.

त्याच थंडीत झाड उकरून काढलं, मुळाची माती झटकली आणि निळ्या ड्रमचं अर्धं कापून त्यात लावलं. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा, जुनं शेणखत आणि कोकोपीट. काळी माती एक ओंजळसुद्धा नाही. कुंडी उत्तम, जमिनीपेक्षा उत्तम, कारण कुंडीतली माती तुमच्या हातात असते. जमिनीत गंधक टाका, सामू उतरेल असं सांगणारे भेटतील. साध्या जमिनीत हळूहळू उतरतोही, पण चुनखडीच्या जमिनीत तुम्ही गंधक ओतत राहाल आणि चुना ते गिळत राहील.

आता पाणी, कारण भुसावळला निम्मा घोटाळा तिथेच असणार. बोअरचं पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच थर रोज थोडा थोडा कुंडीत जातोय. आणि आपल्याकडे एक वाईट सवय आहे: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना. मे महिन्यात घरोघरी हेच चालतं. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणजे टाकीतलं उरलेलं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट. जाळीवरची पांढरी पापुद्रं बघा म्हणजे कळेल. आरओ मशीनचं फेकायचं पाणी त्याच जातीचं. ही दोन्ही पाणी फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बादली लावून धरा, त्यात क्षार नसतात, अनंताला ते चालतं. पावसाचं तर विचारूच नका. आम्ही गच्चीच्या पन्हाळाखाली ड्रम ठेवतो.

लोह द्यायचं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून पानांवर फवारा. लिटरला दोन-तीन ग्रॅम आणि वर चिमूटभर लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर, कळ्या नसताना. आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा. मातीत हिराकस टाकून उपयोग नाही, चुना असेल तर तिथेच अडकतं. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह आणा, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह, पण पाकीट उलटं करून वाचा: ईडीटीए लिहिलेलं आंबट मातीत ठीक, आपल्या मातीत-पाण्यात टिकत नाही. ईडीडीएचए पाहिजे. महाग आहे, लालसर तपकिरी पूड असते, पण लागते अगदी थोडी. दुकानदार म्हणेल दोन्ही एकच. एकच नाहीत.

चहाचा चोथा टाकताय का? बंद करा. त्यानं माती आंबट होत नाही, गोड चोथ्याला मुंग्या लागतात, मुंग्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात आणि मग पानांवर काजळी चढते.

कळ्यांचं सांगते. अनंताला कळ्या धरायला गार रात्री लागतात, साधारण पंधरा ते अठरा अंशाच्या. त्या आपल्याकडे थंडीत आहेत, हे कोणी लक्षातच घेत नाही. कळ्या भरपूर धरतात. गळतात त्या नंतर, होळीपुढे गरम वारं सुटलं की. एक दिवस कुंडी कोरडी, दुसऱ्या दिवशी चिखल, रात्रही तापलेली, मग कळी खालून पिवळी होते आणि हात लावला की सुटते. तुमची पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत वाफा टाकत असेल. तिथून कुंडी हलवा, पण कळ्या असताना नाही. कळ्यांवर आलेलं झाड जागा बदलली तरी कळ्या टाकतं. सकाळचं ऊन दहापर्यंत, नंतर हिरवी जाळी, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर. पारा 44-45 ला गेला की संध्याकाळी पानं ओली केलेलीही चालतात, फक्त गोड्या पाण्यानं. छाटणी बहर संपल्यावर लगेच. थंडीत कात्री लावलीत तर कळ्याच कापाल. आमच्याकडे थोडी फुलं होळीच्या आगेमागे येतात, खरा बहर पहिल्या पावसानंतर.

आणि तो बहर काय असतो ते तुमच्या शेजारच्या काकांना दाखवा. कळी आधी हिरवी, पिळलेली, टोकाला पांढरं दिसायला लागतं. संध्याकाळी पीळ सुटतो, रात्रीतून फूल उघडतं. पाकळी जाड, हाताला थंड लागते, बोट दाबलं तर तासाभरात तिथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून देठ धरूनच तोडायचं. दुसऱ्या दिवसापासून पिवळं पडत जातं, वास मात्र पिवळ्या फुलालाही असतो. वाटीत पाणी घालून एक फूल देवघरात ठेवलं तर पुढच्या खोलीपर्यंत कळतं. काहींचं डोकं दुखतं त्यानं, त्यांनी बाहेर ठेवावं.

एका श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशच्या देवीच्या, रविवारी झाड भरलेलं होतं. जाऊबाई सकाळीच परडी घेऊन आल्या आणि सगळी फुलं कानबाईला नेली. नारळावरचा मुखवटा, नथ, वर पांढऱ्या अनंताची महिरप. रोटांना, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, जमलेली भाऊबंदकी विचारायला लागली, फुलं कोणाकडची. आप्पांना सांगावं लागलं. सांगून लगेच म्हणाले, "यंदा पाऊसच तसा शे." बरं. पाऊस तर पाऊस.

त्यांचं दुसरं म्हणणं, वासाच्या झाडाला साप येतात. साप उंदरा-बेडकांसाठी येतात, त्यांना फुलाचं काही नसतं. झाडाखाली अडगळ आणि दाट गवत ठेवलंत तर तुळशीपाशीही येतील.

आणि "खानदेशात होत नाही" म्हणणाऱ्यांनी सातपुड्यात जाऊन यावं. डिकेमाली कशाची असते? तीच, उग्र वासाची, जंतांवर मुलांना द्यायचे, गुरांच्या जखमेवर माशा बसू नयेत म्हणून लावायचे. ती अनंताच्याच सख्ख्या गणगोतातल्या रानझाडाचा डिंक, कोवळ्या शेंड्यांवर थेंब थेंब धरतो. ते झाड त्याच उन्हात, कोणी पाणी न घालता उभं आहे. बागेतला अनंत तेवढा काटक नाही, मान्य. पण ऊन हे कारण नाही. चुना हे कारण आहे, आणि चुन्याला उपाय आहे.

मोगऱ्याचं विचारलंत. लावा की. पश्चिमेच्या बाल्कनीत तोच लावा, त्याला ऊन भरपूर पाहिजे आणि आपली माती-पाणी तो बऱ्यापैकी सोसतो. पण अनंत काढून नका लावू, शेजारी जागा करा.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी शेतकी शिकलेली नाही, हे सगळं माझ्या ड्रमातलं आणि मामेभावाच्या बागेतलं. तुमच्याकडे नदीचं नळाचं पाणी असेल तर क्षार कमी असतील, मग आधी माती बदलून बघा, औषधं नंतर. कुंडीचं भोक बुजलेलं असेल, मुळं पाण्यात कुजत असतील, तरीही पानं पिवळी पडतात, ते पहिल्यांदा तपासा. आणि हे सगळं तुमचं झाड अनंत असेल तरच. हातगाडीवर डबल तगर अनंत म्हणून सर्रास खपवतात. एक पान देठातून मोडून बघा. पांढरं दूध आलं तर ती तगर. मग मी वर लिहिलेलं बहुतेक सोडून द्या, ती कुठेही ठेवलीत तरी जगेल.