मलेरियात फॉलिक ॲसिड चालू ठेवावं का?

मलेरियाचं औषध कोणतं, यावर उत्तर ठरतं. फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियात दिल्या जाणाऱ्या आर्टेसुनेट-एसपी पाकिटात आर्टेसुनेट तीन दिवस असतं, सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन (म्हणजेच एसपी) मात्र पहिल्या दिवशी एकदाच. हे दुसरं औषध परजीवीची फोलेट (फॉलिक ॲसिड ज्याचं गोळीतलं रूप आहे ते बी-जीवनसत्त्व) बनवण्याची साखळी दोन ठिकाणी तोडतं. त्याच वेळी बाहेरून ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं, तर परजीवीला आयतं रेशन मिळतं आणि औषधाचा जोर कमी होतो.

गोंधळ गोळीवरून होतो. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि फक्त ०.५ मिग्रॅ फॉलिक ॲसिड असतं. मेडिकलमधली सुटी पिवळी गोळी बहुधा ५ मिग्रॅची, म्हणजे दहापट. एसपी घेतल्यावर ही मोठी गोळी साधारण दोन आठवडे थांबवतात. गरोदरपणात किंवा सिकलसेलसाठी ती चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, परस्पर बंद करू नका. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियासाठी क्लोरोक्विन-प्रायमाक्विन असेल तर फोलेटची ही अडचणच नाही.

लोहाचं प्रकरण वेगळं. पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारच्या पेंबा बेटावर लहान मुलांना लोह-फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले (अहवाल २००६). म्हणून मलेरियाच्या भागात मुलांना लोह देताना तपासणी आणि उपचार हाताशी हवेत. ताप असेल तर आधी रक्त तपासा.

आणि 'व्हिटॅमिन घेतो, मच्छरदाणी कशाला?' हा युक्तिवाद गडचिरोलीत काय, कुठेच चालत नाही.