बारव चुलतभावाच्या गटात, पाण्याचा हिस्सा तुमचा

प्रश्न : आजोबांच्या वाटणीत दगडी बारव चुलत्यांच्या गटात गेली, पाण्यात आमचा तिसरा हिस्सा राहिला. चार महिन्यांपूर्वी चुलतभावाने आमची मोटर काढून टाकली. आता तो चिरे उचकटून बारव बुजवतो आहे. ती दोनशे वर्षांची असल्याने पुरातत्त्व खात्याकडे जाऊ का?

उत्तर : अर्ज जरूर द्या, पण त्यावर विसंबू नका. केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक म्हणून अधिसूचना निघाली नसेल, तर नुसत्या जुनेपणाने बारवेला संरक्षण मिळत नाही. तुमची बाजू उभी राहते ती वाटणीवर.

आधी मुदत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतीच्या विहिरीचं बेकायदा तोडलेलं पाणी पूर्ववत करून देण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात, पण दावा सहा महिन्यांच्या आत हवा. तुमच्या हातात दोनच उरलेत. भावकीच्या बैठका चालू राहतात आणि मुदत निघून जाते, हे नेहमीचंच.

चुलतभावाच्या गटाचा सातबारा काढून 'इतर हक्क' पाहा. संगणकीकरणात नोंद गळालेली असू शकते, म्हणून जुना हस्तलिखित उतारा आणि वाटणीच्या फेरफाराची नक्कलही घ्या. चूक तिथलीच असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सातबाऱ्याची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, एवढंच. म्हणून जोडीला तुमच्या नमुना बारामधली (सातबाऱ्यातला पीकपाण्याचा भाग) सिंचनाच्या साधनाची नोंद आणि कृषिपंपाची वीजबिलं लावा.

बुजवणं थांबवायला दिवाणी न्यायालयात कायम मनाईचा दावा करा, सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. त्याच दिवशी त्याच संहितेच्या आदेश २६ नियम ९ प्रमाणे कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा माणूस, मागा: किती पायऱ्या शाबूत आहेत, थारोळं (मोटेचं पाणी पडतं ते कुंड) आणि धाव (मोट ओढताना बैल चालतात ती उतरण) आहे का, काढलेले चिरे कुठे रचलेत. नाहीतर 'बारव आधीच ढासळलेली होती' हा बचाव ठरलेला. चिरे परत बसवून हवे असतील तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३९ खाली तशी मागणी स्वतंत्रपणे लिहा. एकच मागणी दोन्हीकडे करू नका: पाणी तहसीलदारांकडे, बांधकाम दिवाणीत.

दाव्यात सामाईक हिस्सा पहिला. वीस वर्षांच्या उघड, अखंड वापरातून आलेला सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा वापराचा हक्क, पर्यायी म्हणून मांडा. त्यासाठी अडवणुकीपासून दोन वर्षांत दावा लागतो. आणि भिडेखातर 'चुलत्यांच्या परवानगीने पाणी घेत होतो' असं कुठे लिहून देऊ नका, नोटिशीच्या उत्तरातही नाही. परवानगीचा वापर हक्काचा ठरत नाही, आणि पर्यायी मुद्दा तिथेच संपतो.