डोंबिवलीहून रोज एकाच लोकलने जाणाऱ्या नवरा-बायकोच्या मेंदूवर सततच्या ताणाचा परिणाम वेगवेगळा होतो का?

होय, होऊ शकतो. मात्र पेशींच्या पातळीवरचा पुरावा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून आलेला आहे. मी मुंबईत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि या विषयात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकईवेन यांच्या प्रयोगशाळेचे काम पायाभूत मानले जाते. तेथे उंदरांना 21 दिवस, रोज 6 तास, जेमतेम अंग मावेल अशा जाळीत ठेवले असता नरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे स्मृतीशी निगडित भागातील, चेतापेशींच्या वरच्या शाखा आखडल्या; माद्यांमध्ये त्या तशा आखडल्या नाहीत. यावरून माद्या अधिक कणखर असतात असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण पुढील एका प्रयोगात प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या पुढच्या, निर्णयांशी निगडित भागातून, अमिग्डालाकडे, म्हणजे भीतीच्या केंद्राकडे, जाणाऱ्या चेतापेशींच्या शाखा ताणामुळे माद्यांमध्ये उलट वाढल्या, आणि तीही वाढ इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असतानाच दिसली. आखडणे वाईट आणि वाढणे चांगले, असे सरळ समीकरण येथे नाही. माणसांमध्ये तर केवळ संप्रेरकांना जबाबदार धरता येत नाही: लोकलची गर्दी दोघांनाही सारखीच असली, तरी घरी पोहोचल्यावर कुकर लावणे आणि मुलांचा अभ्यास घेणे बहुधा एकाच्याच वाट्याला येते.