प्रत्येक व्हेरिएबलला शून्य देऊन टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीत नवी नोकरी, जुना सी कोड. जीसीसी या सी कंपायलरची नवी आवृत्ती घेतल्यावर ‘मे बी युज्ड अनइनिशियलाइज्ड’च्या, म्हणजे ‘हा व्हेरिएबल किंमत न भरताच वापरला जाऊ शकतो’ अशा, शेकडो वॉर्निंग आल्या. टीम लीड म्हणतात, डिक्लरेशनलाच शून्य देऊन टाका, बिल्ड स्वच्छ होईल. तसं करायचं का?

सरसकट नका करू. मी बाणेरला बरीच वर्षं स्टोरेजचे ड्रायव्हर लिहितोय आणि नेमकं हेच एकदा केलंय. एका फंक्शनमध्ये ‘रेट’ नावाचा रिटर्न कोड तीन ठिकाणी भरला जायचा. चौथ्या वाटेवर, म्हणजे बफरला मेमरी मिळाली नाही तर, तो न भरताच ‘गोटू आउट’ होतं, म्हणजे थेट फंक्शनच्या शेवटाकडे उडी. कंपायलर तीच वाट दाखवत होता. मी वर ‘रेट’ला शून्य दिलं आणि वॉर्निंग गेली. पण आपल्याकडे शून्य म्हणजे ‘काम झालं’! आधी तिथे कचरा किंमत असायची, त्यामुळे निदान कधीतरी एरर दिसायची. माझ्या दुरुस्तीनंतर मेमरी कमी पडली की डिस्कवर काहीच लिहिलं जायचं नाही, आणि वरच्या थराला निरोप मात्र दर वेळी ‘लिहिलं’ असाच जायचा. हे सापडायला दोन आठवडे गेले. ग्राहकाचा डेटा गेला होता, तो परत आला नाही.

म्हणून वॉर्निंग आली की आधी एकच शोधा: किंमत न भरता वापरापर्यंत पोचणारी वाट कोणती? ती खरी असेल तर त्या वाटेवर योग्य किंमत भरा. माझ्या बाबतीत ती ‘ईनोमेम’, म्हणजे ‘मेमरी नाही’चा एरर कोड, होती, तीही उणे चिन्हासह. व्हेरिएबल वापराच्या जवळ डिक्लेअर केला तर अर्ध्या वेळा गुंता तिथेच सुटतो. एनमवर, म्हणजे नावं दिलेल्या ठरावीक किमतींच्या यादीवर, स्विच असेल तर उगाच ‘डिफॉल्ट’ घालू नका. तो नसला की उद्या एनममध्ये नवी किंमत आल्यावर कंपायलर स्वतःहून सांगतो.

वाट कधीकधी खोटीही असते. दोन वेगळ्या ‘इफ’मध्ये एकच अट असते. पहिल्यात किंमत भरली जाते, दुसऱ्यात वापरली जाते. लक्ष्मी रस्त्यावर उलट दिशेने गाडी येणार नाही हे आपल्याला माहीत असतं, पण ज्याला फक्त रस्ता दिसतो आणि वन-वेची पाटी दिसत नाही, तो दोन्हीकडे बघणारच. दोन ‘इफ’च्या मधल्या फंक्शन कॉलमुळे कंपायलरची तीच अवस्था होते. अशा वेळी दोन्ही ‘इफ’ एकत्र करता आले तर करा. नाहीच जमलं तर सुरुवातीची किंमत द्या, पण एररची द्या, आणि कारण कॉमेंटमध्ये लिहा.

हा त्रास लिनक्स कर्नललाही, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाही झाला. व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत देऊन वॉर्निंग गप्प करणारा एक मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव) तिथे वर्षानुवर्षं होता. खऱ्या चुकाही त्याखाली झाकल्या जातात म्हणून २०२० मध्ये तो काढला. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जीसीसीची ही ‘मे बी’वाली वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंद केली, कारण खोट्या तक्रारी फार येत होत्या.

न समजता गप्प करण्याचं सगळ्यात महागडं उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचं. २००६ मध्ये मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडची अशीच तक्रार घालवायला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधल्या ओळी काढल्या गेल्या, आणि त्यातल्याच एका ओळीतून खरी रँडम माहिती मिसळली जात होती. मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवताना बदलणारी गोष्ट जवळजवळ फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक, उरली होती. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या!

लीडना शून्याचं संरक्षण हवंच असेल तर ते कंपायलरकडून घ्या. ‘एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये आहे आणि जीसीसीत १२ पासून. ग्राहकाच्या बिल्डला ‘झिरो’ ठेवा, टेस्टच्या बिल्डला ‘पॅटर्न’ (शून्याऐवजी मुद्दाम विचित्र किंमत), म्हणजे चूक लपण्याऐवजी लवकर फुटेल. मला यातलं सगळ्यात आवडणारं हे की हा पर्याय लावूनही जीसीसी वॉर्निंग देतच राहतो. हाताने टाकलेल्या शून्याने ती कायमची जाते.

वॉर्निंग बघताना बिल्ड ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर करा. ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, जीसीसी ‘मे बी’वाली तपासणी करत नाही, त्यामुळे तिथली शांतता खरी धरू नका. युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामना, कॉपी होणाऱ्या स्ट्रक्चरना मात्र खुशाल मेमसेटने पूर्ण शून्य करा, कारण मधल्या पॅडिंगच्या (फील्डमधल्या रिकाम्या जागेच्या) बाइट्समधून कर्नलची माहिती बाहेर जाते आणि त्याबद्दल ही वॉर्निंग काही बोलत नाही.

शेकडोंची यादी एका संध्याकाळी संपणार नाही. उद्या फक्त रिटर्न कोडचे व्हेरिएबल वेगळे काढा आणि त्यांतली एक खरी वाट लीडना डीबगरमध्ये चालवून दाखवा. मुदत त्यानंतर मागा.