ऑस्टिनमध्ये १,०५,००० डॉलर पगार आहे. प्रॉडक्ट डिझायनर म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची १,४०,००० ची ऑफर घ्यावी का?

ऑफरच्या पत्रावर ३५,००० डॉलरची वाढ दिसते, पण वर्षाअखेर हातात त्यातले जेमतेम १३,७०० जास्त पडतील. म्हणजे महिन्याला साधारण १,१४०. तुमचा सगळा निर्णय या एका आकड्यावर ठरतो, म्हणून तो कसा आला ते आधी पाहा.

तुम्ही एकटे कर भरता, स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) घेता आणि ४०१-के मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात, काही टाकत नाही असं मी धरलंय. कराचे दर २०२४ चे आहेत. १,४०,००० मधून फेडरल कर २३,१४०, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्यासाठीची सरकारी कपात) मिळून १०,७१०, कॅलिफोर्नियाचा आयकर सुमारे ८,९०० आणि राज्याच्या डिसॅबिलिटी विम्याचे १,५४० जातात. उरतात ९५,७००. ऑस्टिनच्या १,०५,००० मधून फेडरल १४,९४० आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर ८,०३० गेले की ८२,०३० उरतात, कारण टेक्ससमध्ये राज्याचा आयकरच नाही. बहुतेकांचं गणित चुकतं ते इथे. कॅलिफोर्नियाचा कर नुसत्या वाढीवर लागत नाही, तुमच्या सध्याच्या १,०५,००० एवढ्या रकमेवरही लागू होतो. आरोग्य विम्याचा हप्ता दोन्हीकडे वेगळा असेल, तो तेवढा वजा करा.

आता भाडं. दोन्ही शहरांतलं, तुम्ही खरोखर राहाल अशा घराचं भाडं शोधा आणि फरक काढा. तो १,१४० च्या आत असेल तर तुम्ही फायद्यात. समजा फरक १,८०० निघाला, तर महिन्याला ६६० ची तूट, वर्षाला ७,९२०. या पगाराच्या टप्प्यात प्रत्येक वाढीव डॉलरमागे साधारण ५८ सेंट हातात येतात. ७,९२० ला ०.५८ ने भागा: सुमारे १३,७००. म्हणजे नुसती आजच्याइतकी शिल्लक राहायला बेस (बोनस आणि शेअर्स सोडून मूळ पगार) १,५४,००० च्या आसपास हवा. ऑस्टिनमधली गाडी विकून सॅन फ्रान्सिस्कोत गाडीशिवाय राहणार असाल तर गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल या हिशोबात जमा धरा. तेवढ्यानंही चित्र पालटू शकतं.

पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल तर वर्षात २६ चेक येतात, एकेक ३,६८० चा. दहा महिने दोनच चेक मिळतात, म्हणून महिन्याचं बजेट ७,३६० वर बसवा. घरमालक मात्र करापूर्वीचा पगार बघतात आणि तो बऱ्याचदा भाड्याच्या तिप्पट मागतात. त्या नियमात तुम्ही ३,८८० पर्यंतच्या भाड्याला पात्र ठराल, पण तेवढं घेतलंत तर त्या ७,३६० मधली निम्म्याहून जास्त रक्कम भाड्यातच जाईल.

नव्या इमारतींमधल्या ‘एक महिना फुकट’ या सवलतीकडे नीट बघा. करारात ३,३०० लिहिलेलं असतं, सवलत पसरून ते ३,०२५ वाटतं, आणि पुढच्या वर्षीची वाढ ३,३०० वर होते. सॅन फ्रान्सिस्कोचं भाडेनियंत्रण साधारणपणे १३ जून १९७९ पूर्वी वापराचा दाखला मिळालेल्या इमारतींना लागू आहे. तिथे वर्षाची वाढ महागाई निर्देशांकाच्या ६० टक्के, आणि काही झालं तरी ७ टक्क्यांच्या वर नाही. पाच-सहा वर्षं राहायचं असेल तर मी नव्या इमारतीतल्या जिमपेक्षा अशी जुनी इमारत निवडेन. डिपॉझिट १ जुलै २०२४ पासून एका महिन्याच्या भाड्यापुरतंच घेता येतं, फक्त छोट्या घरमालकांना दोन महिन्यांपर्यंत मुभा आहे.

शेअर्सचं म्हणाल तर भाड्याच्या हिशोबात ते शून्य धरा. चार वर्षांच्या नेहमीच्या वेस्टिंगमध्ये (शेअर्स टप्प्याटप्प्यानं नावावर होण्यात) पहिल्या वर्षाआधी काहीच मिळत नाही, आणि खासगी स्टार्टअपचे ऑप्शन्स (ठरलेल्या भावानं शेअर्स घ्यायचा हक्क) असतील तर ते शेअर्स उलट तुमच्याच खिशातून पैसे घालून विकत घ्यावे लागतात.

घासाघीस करताना आत्ताचा पगार सांगू नका. कॅलिफोर्नियात कंपनीला तो विचारायला २०१८ पासून बंदी आहे. २०२३ पासून १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगाराची रेंज द्यावीच लागते. १,४०,००० त्या रेंजच्या तळाशी असेल तर आधी लेव्हलबद्दल, म्हणजे कंपनीतल्या तुमच्या पदाच्या पायरीबद्दल, बोला. सीनियर म्हणून काम करून घेणार आणि खालच्या लेव्हलला बसवणार, हे डिझायनरांच्या बाबतीत फार होतं. नुसता बेस थोडा वाढवून घेतला तर पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या लेव्हलच्या चौकटीतच अडकते. लेव्हल हलत नसेल तर साइन-ऑन बोनस (रुजू होताना एकदाच मिळणारी रक्कम) मागा, पण वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करायचं कलम असतं; परतफेड महिन्यांच्या प्रमाणात आणि कर कापून आलेल्या रकमेचीच, असं लेखी घ्या. स्थलांतराच्या पैशांवरही कर लागतो, तेव्हा तो कर कंपनी भरणार आहे का हे सही करण्याआधी विचारा.