कृत्रिम गुडघा बसवल्यावर जिना आणि उतार कसा उतरावा?

आपण विचारले आहे की, मांडीतून पाय गेलेल्या आपल्या वडिलांना साधा यांत्रिक गुडघा बसवला असून, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराचा उभा जिना आणि तिथल्या किल्ल्याचा उतार त्यांना जमेल का. जिना नक्की जमेल. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना कृत्रिम पाय आधी टाकावा, दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नये आणि एक हात कठड्यावर असावा.

उताराची गोष्ट वेगळी आहे, कारण शरीराचा भार गुडघ्याच्या आसाच्या, म्हणजे तो जिथे दुमडतो त्या बिंदूच्या, पुढून जातो तोवरच असा गुडघा सरळ राहतो. उतारावर तो भार मागे सरकतो आणि गुडघा एकाएकी दुमडतो. म्हणून टाच टेकताक्षणी मांडीचा उरलेला भाग सॉकेटच्या (तो ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या खोबणीच्या) मागच्या भिंतीवर जोराने दाबायचा, हे नितंबाच्या स्नायूंचे काम आहे आणि ते रोजच्या व्यायामानेच येते. उतार तीव्र असेल तर आडवे उभे राहून, कृत्रिम पाय खालच्या बाजूला ठेवून, बाजूबाजूने उतरावे. हायड्रॉलिक (आतल्या द्रवाच्या रोधावर चालणारा) गुडघा भाराखाली सावकाश वाकतो, त्यामुळे उतार सोपा जातो, पण तो महाग असतो.

किल्ल्यावर न्यायचे झाल्यास उरवाई दरवाजाकडून गाडीने वर न्यावे आणि किल्ल्यावरच्या मानमंदिर महालासमोरच्या सपाट जागेवर चालवावे. त्याआधी लष्करातल्या महाराज बाडा या चौकात, सकाळी गर्दी नसताना, सोबत राहून सराव करून घ्यावा.